साडेछत्तिसावी इयत्ता

बालवाचनालयात पुस्तक मागायला मूल येतं, हा एक गोड गैरसमज आहे. येते ती आई. मूल तिच्या मागे पिशवीचा बंद चघळत उभं असतं. आई म्हणते, "याच्या लेव्हलचं काहीतरी द्या." मग मुलाला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात पुढे सांगते, "म्हणजे थोडं वरच्या लेव्हलचंच द्या. तसा हुशार आहे, फक्त आळशी आहे." "थोडं खालच्या लेव्हलचं द्या, तसा बेताचाच आहे," असं म्हणणारी माउली शीव कोळीवाड्यात अजून जन्माला यायची आहे.

बाप आला तर वेगळाच मामला. बाप पुस्तक हातात घेतो, उलटं करून किंमत बघतो, फुकट न्यायचं आहे हे आठवून खूश होतो आणि विचारतो, "यातून फायदा काय होईल?" पुस्तकात एक माकड मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडत असतं. यातून स्पर्धा परीक्षेला नेमका काय फायदा होईल, हे ना माकडाला माहीत असतं ना मला.

आमचं वाचनालय म्हणजे एका मंडळाची खोली. एका भिंतीला पुस्तकांची कपाटं, दुसऱ्या भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड, माळ्यावर गेल्या तीन गणपतींच्या मखरांचे सांगाडे. दर रविवारी सकाळी ते उघडतं. मी तिथे स्वयंसेवक. माणसाने निवृत्तीनंतर समाजाच्या उपयोगी पडावं, असं आमच्या घरी एकमताने ठरलं. मी घरात कुणाच्या उपयोगी पडत नाही, हे त्याआधी एकमताने ठरलेलंच होतं.

वाचनालय खरं चालवतात त्या बाई. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. अख्खा कोळीवाडा त्यांना बाईच म्हणतो, ज्यांचे केस त्यांच्याहून पांढरे झालेत तेसुद्धा. मुलाला पुस्तक देण्याची बाईंची एक पद्धत होती. मूल समोर आलं की त्या पुस्तकाविषयी काहीच विचारायच्या नाहीत. "काल कुणाशी भांडलास?" "आजी गावाहून आली का रे?" "दात पडला तो कुठे टाकलास?" असलं काहीतरी विचारायच्या. मूल बोलत असताना त्यांचा हात मागच्या कपाटात जायचा आणि एक पुस्तक घेऊन बाहेर यायचा. मूल ते घेऊन तिथेच फतकल मारून बसायचं.

हे बरं चाललं होतं. बरं चाललेलं दिसलं की समितीला अस्वस्थ वाटू लागतं. "हे शास्त्रीय नाही," असं आमच्या सचिवांचं मत पडलं. सचिवांचा भाचा न्यू जर्सीत असतो. तो सुट्टीवर आला होता आणि मामाच्या घरी तिसऱ्या दिवशी माणसाला जेवढा कंटाळा येतो तेवढा त्याला आला होता. तो वाचनालयात आला, कपाटांसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, यू डोन्ट हॅव लेव्हल्स?"

मामांचा चेहरा पडला. पन्नास वर्षं या वस्तीत राहून आपल्याकडे लेव्हल नाही, हे त्यांना परदेशातून आलेल्या माणसाकडून कळलं होतं.

भाच्याने मग समितीची शिकवणी घेतली. तिकडे म्हणे प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक मुलाला पायरी असते. एका पद्धतीत ए ते झेड अक्षरं, दुसऱ्या पद्धतीत, जिला लेक्साईल म्हणतात, थेट आकडे. मुलाचा आकडा आणि पुस्तकाचा आकडा जुळला की ग्रंथपालाचं काम संपलं. "माझी मुलगी एम आहे," तो अभिमानाने म्हणाला. आमच्या अध्यक्षांना ते कपड्यांचं माप वाटलं. "वयाच्या मानाने बरोबर आहे," असं त्यांनी सांगितलंसुद्धा.

मी घरी जाऊन थोडं वाचलं. ए ते झेडची पायरी बांधणाऱ्या आयरीन फाऊंटस आणि गे सू पिनेल या दोघींनीच पुढे सांगून ठेवलंय, की ही पायरी शिक्षकाच्या सोयीसाठी आहे, मुलाला चिकटवण्यासाठी नाही. लेक्साईलच्या आकड्यांत तर 'डायरी ऑफ अ विम्पी किड' हे चित्रांचं खट्याळ पुस्तक स्टाईनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'पेक्षा वरच्या पायरीवर बसतं. ही माहिती मी समितीत दिली. अध्यक्षांनी ती लिहून घेतली आणि पुढचा विषय घेतला.

आता पायऱ्या काही अमेरिकेची मक्तेदारी नव्हे. २००४ मध्ये सुरू झालेलं 'प्रथम बुक्स' आपल्याकडे चार पायऱ्यांची पुस्तकं काढतं. पहिल्या पायरीला अडीचशेच्या आत शब्द, दुसरीला सहाशेपर्यंत, तिसरीला दीड हजारापर्यंत आणि त्यापुढे चौथी. माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे'तही बालगट वेगळा, कुमारगट वेगळा. त्यात वाकडं काही नाही. ज्याला आत्ता कुठे जोडाक्षर फुटतंय त्याला दीड हजार शब्दांत ढकललं तर ते पोर पुन्हा वाचनालयाच्या गल्लीतसुद्धा फिरकत नाही, हे आम्हीही पाहिलेलं आहे. पण आमच्या कपाटांतलं निम्मं धन हे दान आलेलं. त्यावर पायरी कुठून छापलेली असणार? त्यावर छापलेलं असतं 'चि. अमुकला मुंजीनिमित्त सप्रेम'.

ही पायरी आम्ही ठरवायची, असं ठरलं.

सचिवांनी दादरहून रंगीत गोल स्टिकर आणले. हिरवा, पिवळा, निळा, लाल. हिरवं सगळ्यात सोपं, लाल सगळ्यात अवघड. मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'टिकल्या' असं बारसं केलं. अध्यक्षांना ही कल्पना फार पसंत पडली, कारण सरकारही तेच करतं, असं ते म्हणाले. ते खरंच आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांनाच अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आमचं वाचनालय त्यातल्या 'ड'च्याही खालच्या पायरीवर, म्हणजे जिन्यातच आहे. ज्यांना स्वतःला कुणी वर्ग दिला नाही त्यांना दुसऱ्याला वर्ग देण्यात केवढा उत्साह असतो, ते मी त्या आठवड्यात पाहिलं.

उद्‌घाटन १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी करायचं ठरलं. हा दिवस एस. आर. रंगनाथन यांचा. मद्रासचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याच्या जोगं पुस्तक आणि पुस्तकाला त्याच्या जोगा वाचक गाठून द्यावा, आणि वाचकाचा वेळ वाया घालवू नये, असा त्यांतल्या तीन नियमांचा मथितार्थ. हे नियम समजावून सांगताना अध्यक्षांनी वाचकांचा एक तास वाया घालवला. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, त्यामुळे निम्मी पोरं नाचाच्या तालमीला पळाली. उरलेल्यांचं लक्ष वड्यांकडे होतं.

पुस्तकाची पायरी ठरवायला भाच्याने एक सूत्र देऊन ठेवलं होतं. फ्लेश-किंकेड असं त्याचं भारदस्त नाव. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चार किती, हे मोजायचं, काही अपूर्णांकांनी गुणायचं, शेवटी साडेपंधराच्या आसपास वजा करायचे, की पुस्तक कितव्या इयत्तेचं ते हातात. हे सूत्र १९७५ मध्ये अमेरिकेच्या आरमाराकरता बसवलेलं. यंत्रांची माहितीपुस्तकं खलाशांना समजतील का, हे बघायला. त्यातलं आरमार गेलं, खलाशी गेले, आणि सूत्र शीव कोळीवाड्यात येऊन चिंगीच्या पुस्तकावर पडलं. वस्ती दर्यावर्दी लोकांची आहे, तेवढाच काय तो संबंध.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हाताला पहिलं लागलं ते पावसावरचं एक बालगीत. रंगीत चित्रं, मोठा टाईप, चौसष्ट शब्द. शब्द मोजले, उच्चार मोजले. वाक्यं मोजायला गेलो तर अख्ख्या गाण्यात पूर्णविरामच नाही. कवितेत कोण देतो? म्हणजे सूत्राच्या दृष्टीने चौसष्ट शब्दांचं एकच वाक्य. गुणाकार केला, वजाबाकी केली. उत्तर आलं साडेछत्तीस.

"बाई," मी म्हटलं, "हे बडबडगीत साडेछत्तिसाव्या इयत्तेचं आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे दहावी, बारावी, पदवी, पीएचडी करून वर अजून पंधरा वर्षं शिकायचं, मग छत्री उघडायची?"

"सूत्र तसं म्हणतं."

"मग मुलं बालवाडीत ते म्हणतात त्याचं काय करायचं?"

सूत्राचं याबाबत काही म्हणणं नव्हतं. सचिवांना मात्र सूत्राचा अपमान सहन होईना. त्यांनी बालगीताला लाल टिकली लावली. त्याच दुपारी दुसऱ्या एका स्वयंसेवकाने 'ययाति'ला हिरवी लावली. मुखपृष्ठावर राजा दिसला, गोष्ट महाभारतातली आहे हे त्याला ऐकून माहीत होतं, तेव्हा त्याने खांडेकरांना पौराणिक बालकथांच्या कप्प्यात बसवून टाकलं. तिथे ते दोन रविवार इसाप आणि बिरबलाच्या मधे अवघडून उभे होते.

पुस्तकांची पायरी लागली. आता मुलांची. त्यासाठी पाच बोटांची परीक्षा. ही जगभर चालते आणि कागदावर अगदी सुटसुटीत आहे. मुलाने पुस्तकाचं कुठलंही एक पान वाचायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं. एखादंच बोट उघडलं तर पुस्तक सोपं, दोन-तीन तर नेमकं, पाचही उघडली तर तूर्त राहू द्यावं. मी टेबल मांडलं, तक्ता आखला, पेन्सिलीला टोक केलं.

पहिला मुलगा आला तोच दोन्ही हातांची दहा बोटं उघडून. "अरे, आधी वाच!" "नको ना काका. डायरेक्ट नापास करा."

दुसरी, चष्मेवाली, एक शब्द न अडता घडघड वाचून गेली. बोट हलेना. मी खूश होऊन लाल खूण करणार तेवढ्यात बाईंनी विचारलं, "काय होतं गं त्यात?" मुलगी म्हणाली, "मला काय माहीत? मी तर वाचत होते."

तिसरा पहिलीतला. त्याने दोन ओळी वाचल्या आणि करंगळी वर केली. मी तक्त्यात लिहिलं, अवघड शब्द एक. "पुढे वाच." तो वाचेना. करंगळी तशीच, उलट आणखी वर. मी म्हटलं, "कुठला शब्द अडला ते दाखव." तो पाय जुळवून उभा राहिला. "घाबरू नकोस, अक्षर-अक्षर लाव." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई पलीकडून ओरडल्या, "अहो, त्याला सोडा आधी!" महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत करंगळीचा अर्थ काय, हे शास्त्रीय पद्धतीच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी सतरंजी धुवावी लागली. तक्त्यावर त्याची पायरी अजून 'सोपं पुस्तक' अशीच आहे.

मग भाषेचं लफडं निघालं. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि त्यांतल्या बऱ्याच माध्यमांची पोरं आमच्या सतरंजीवर एकत्र बसलेली असतात. कोळीवाडा नावाला कोळ्यांचा. शेजारी फाळणीनंतर आलेल्या मंडळींचा पंजाबी कॅम्प, तमिळ घरं तर कितीतरी, आणि स्टेशनचं नाव गुरू तेग बहादूर नगर. एक तमिळ मुलगा चाचणीला बसला. मराठीत त्याची पाच बोटं पहिल्या ओळीतच संपली. हिंदीत दोन उघडली. आईने घरून आणलेलं तमिळ पुस्तक दिलं तर मूठ बंदची बंद, वर मोठ्याने हसू. आमच्या कार्डावर टिकलीला जागा एकच. सचिवांनी मराठी प्रमाण मानून हिरवी लावली. पोरगं म्हणालं, "अंकल, मैं हिरवा नहीं हूँ." शेवटी कार्डावर तीन टिकल्या लावल्या. तो आठवडाभर 'सिग्नल' या नावाने ओळखला जात होता.

पंजाबी कॅम्पातले एक दारजीही येऊ लागले. आयुष्य मुंबईत काढलं, मराठी बोलतात फर्डं, वाचायचं मात्र राहून गेलं. त्यांना हिरवी टिकली हवी होती. नातवाबरोबर सतरंजीवर बसून ते अक्षर-अक्षर लावत. नातू चुका काढी. टिकल्यांच्या साऱ्या खटाटोपात मनापासून हिरवी मागणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

बाकी सगळ्यांना लालच हवी होती. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर "आमच्या बबूला निळी मिळाली" असा मजकूर पेढ्याच्या चित्रासह पडला आणि शांत वस्ती पेटली. एक आई कार्ड घेऊन आली. "शेजारचीला निळी आणि हिला पिवळी? दोघींचा जन्म एकाच महिन्यातला आहे."

"अहो, ती वाचते त्यावर असतं."

"मग हिला निळी द्या, हिला लगेच वाचायला लावते."

कुणी विचारलं, हिरवीची लाल व्हायला किती दिवस लागतात? कुणी विचारलं, क्लास आहे का? एका क्लासवाल्याच्या कानावर हे गेलं आणि पुढच्या आठवड्यात खांबावर 'वाचन लेव्हल वाढवून मिळेल' असा फलक लागला. शेजारीच 'वजन कमी करून मिळेल'चा होता.

मासळी विकणाऱ्या एक आजी नातीचं पुस्तक बदलायला आल्या. नातीला दुसरीतलं, बारा पानांचं, मोठ्या चित्रांचं पुस्तक दिलं होतं. पापलेटाचा कल्ला वर करून ताजं-शिळं बघावं तसं त्यांनी मुखपृष्ठ उचललं, आत नजर टाकली आणि टेबलावर आपटलं. "ह्ये काय रं बाला? चार पानांचा बुक? माजे नातीला जाडा दे." मी म्हटलं, "आजी, जाडं तिला झेपणार नाही." आजी म्हणाल्या, "तू दे. झेपत नाय ता मी बघतय." आम्ही जाडं दिलं. नातीने ते उशाला घेतलं, असं पुढे कळलं. बारा पानांचं मात्र तिने लपवून नेलं होतं.

पोरं मोठ्यांच्या पुढे. टिकल्या नखाने निघतात हा शोध त्यांना कधीच लागला होता. मग बाजार बसला. एका लालला दोन निळ्या, वर एक गोटी. 'फास्टर फेणे'ला कुणी लाल लावली म्हणून कुणाला तो नेता येईना, तर तिसरीतल्या एकाने त्याला सरळ हिरवी लावून नेला. फुरसुंगीहून आलेला बनेश फेणे कुठल्याही कुलुपातून सुटतो, टिकलीतून सुटणं त्याला काय जड? कॅरमच्या राणीला लाल टिकली, अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीला हिरवी. ती अध्यक्षांच्या सदऱ्यावर चिकटली आणि ते तशीच घेऊन वॉर्डाच्या सभेला जाऊन आले.

आकलन तपासायचं म्हणून सचिवांनी प्रत्येक पुस्तकामागे पाच प्रश्नांचा कागद लावला. पुस्तक परत करताना उत्तरं द्यायची. नेणारी मुलं निम्म्यावर आली. बाई म्हणाल्या, "ही पद्धत वेताळाने आधीच करून पाहिली आहे." मराठीत १९५२ पासून 'चांदोबा' निघत होता. त्यातला वेताळ गोष्ट संपली की प्रश्न विचारायचा आणि उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, अशी तंबी द्यायचा. पण त्यानेसुद्धा विक्रमाला गोष्ट आधी पुरती ऐकू दिली. मधेच रिकाम्या जागा भरायला लावल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर आला. वाचन प्रेरणा दिन. मुलांनी मोठ्यांची चाचणी घ्यायची, अशी टूम बाईंनी काढली. समिती हसतहसत तयार झाली. चष्मेवाली परीक्षक. तिने घरून कागदांचा गठ्ठा आणला होता. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करारनामा.

अध्यक्ष उभे राहिले. खाकरले. "उभय पक्षकारांमध्ये परस्परसंमतीने निष्पादित..." पहिलं बोट. "...उपरोल्लिखित परिशिष्टातील अनुसूचित..." दुसरं, तिसरं. ओळ संपायच्या आत पंजा उघडा. सचिव मदतीला धावले, त्यांचाही पंजा गेला. चष्मेवाली म्हणाली, "काका, पायाची बोटं चालतील."

"पण आजोबा," मागून करंगळीवाला ओरडला, "खाली तुमची सही आहे!"

होती. सगळ्यांचीच होती. लाल टिकलीच्याही वरची टिकली लागेल असा कागद अख्ख्या इमारतीने न अडता सही करून दिला होता. माझी पाळी आली तेव्हा मी मान्य केलं, की माझ्या उशाशी एक साडेआठशे पानांचा ग्रंथ आहे, पाहुणे आले की तो ठळक दिसेल असा ठेवतो आणि त्यातली खूण पान बावीसच्या पुढे गेलेली नाही. रोज झोपताना मी वाचतो तो जुना 'चांदोबा'. चष्मेवालीने मला पिवळी दिली. हिरवीच द्यायची होती, पण वयाचा मान ठेवला.

टिकल्यांचा प्रश्न शेवटी हवेनेच सोडवला. मुंबईच्या दमट हवेत गोंद पातळ झाला, टिकल्या पुस्तकावरून घसरून शेजारच्या पुस्तकाला लागल्या आणि कपाटातली चौदा सुटी पुस्तकं मिळून एक खंड तयार झाला. भाचा केव्हाच परत गेला होता. समिती गणपतीच्या हिशेबात बुडाली. टिकल्यांचा खर्च 'संकीर्ण'मध्ये दाखवला.

त्या गडबडीत बाईंची वही माझ्या हाती लागली. पाठकोरे कागद शिवलेली, कोपरे दुमडलेली, मुखपृष्ठावर चहाचा गोल डाग. सगळा टिकल्यांचा काळ त्या ही गुपचूप लिहीत होत्या. मुलांची नावं इथे देत नाही, नोंदी तेवढ्या देतो.

'फेणे संपला. पुन्हा फेणेच हवा म्हणतो. देणे.'

'नुसती चित्रं बघते. बघू द्यावी. घाई नको.'

'भुताचं नेलं. रात्री झोपला नाही म्हणून आजी भांडून गेली. आज परत भुताचंच मागतो.'

'वडील थोर पुरुषांची चरित्रंच नेऊ देतात. चरित्राच्या आत किशोरचा अंक घातला.'

'जोडाक्षरं अडतात, पण माशांविषयी असेल तर अडत नाहीत. माशांची पुस्तकं अजून शोधणे.'

'धाकट्या भावाला वाचून दाखवायला म्हणून सोपी पुस्तकं नेते. भाऊ नाही. विचारू नये.'

मी वही जागेवर ठेवली. बाई तेवढ्यात एका नव्या मुलाशी बोलत होत्या. त्याची आई सांगत होती, "याच्या लेव्हलचं, म्हणजे थोडं वरचंच..." बाई तिला म्हणाल्या, "तुम्ही बसा, ते 'गृहशोभिका' आहे बघा तिथे." आणि मुलाला विचारलं, "हा गुडघा कसा फुटला रे?" हात मागच्या कपाटात गेला.

आता वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत घरातली पुस्तकं काढाल तेव्हा जवळच्या बालवाचनालयाची आठवण ठेवा. १९७१ पासूनचे 'किशोर'चे कुठलेही अंक चालतील, फाटकेसुद्धा. 'चांदोबा' असेल तर उत्तमच, 'गोट्या', 'चिंगी', प्राण्यांची, भुतांची, विशेषतः माशांची पुस्तकं हवी आहेत. तमिळ आणि पंजाबीतली असतील तर अवश्य. बारावीची गाईडं, 'श्रीमंत कसे व्हावे' आणि वास्तुशास्त्र आणू नका. 'श्यामची आई'ही तूर्त नको, आमच्याकडे एकोणीस प्रती आहेत आणि त्यांतल्या सतरा कुणाला ना कुणाला बक्षीस मिळालेल्या आहेत.